आंग तपेल शे

(दृश्य: सारंगखेडा, सकाळ. धुरळ्यातून चालत येणारे घोडे.)

दत्तजयंतीला तापीकाठच्या सारंगखेड्यात घोडेबाजार भरतो. माझ्या मामांचं अर्धं आयुष्य या धुळीत गेलं. ओठ वर करून घोड्याचे दात बघायचे, अंगावरचे भोवरे बघायचे आणि मालकाला बजावायचं, 'फिरवू नको, उभा राहू दे.' आखडलेल्या पायाचा घोडा थोडा फिरवून आणला की सांधे मोकळे होतात आणि खोड झाकली जाते.

साठी ओलांडल्यावर याच मामांनी ऊस आणि पपईच्या पैशातून जुनी मासेराती ग्रॅनकाब्रिओ ही इटालियन मोटार घ्यायचं ठरवलं. छप्पर उघडणारी. मामी म्हणाल्या, 'ट्रॅक्टरलाबी छप्पर नाही, त्यात काय नवं?'

(दृश्य: गाडीच्या पुढच्या जाळीवरचं त्रिशूळ.)

हे त्रिशूळ बोलोन्या शहरातल्या नेपच्यूनच्या कारंज्यावरून घेतलेलं. 1914 साली कंपनी तिथंच सुरू झाली. ग्रॅनकाब्रिओ पहिल्यांदा दिसली 2009 च्या फ्रँकफर्ट प्रदर्शनात. आकार पिनिनफारिना या इटालियन डिझाइन कंपनीचा, आणि 4.7 लिटरचं आठ सिलिंडरचं इंजिन मारानेलोला, फेरारीच्या कारखान्यात बांधलेलं. चार माणसं बसतात, कापडी छप्पर 28 सेकंदांत मागे जातं. डिकी मात्र 173 लिटरची. लग्नाचा आहेर त्यात मावणार नाही.

पहिली गाडी मुंबईत, एका टॉवरच्या तळघरात बघितली. काळी, चकचकीत. विक्रेता दारांचा आवाज ऐकवत होता. मामांनी काही न बोलता बोनेटवर तळहात ठेवला, आणि माझ्याकडे वळून एवढंच म्हणाले, 'आंग तपेल शे. चाल.' म्हणजे अंग तापलेलं आहे, चल.

मला तेव्हा तो हट्ट वाटला. पुढे एका जाणत्या मेकॅनिकनं उलगडून सांगितलं. या इंजिनात कॅमशाफ्टची, म्हणजे झडपा उघडणाऱ्या दांड्याची, वेळ पुढेमागे करणारा भाग असतो, व्हेरिएटर. तो झिजला की थंड इंजिन सुरू करताना, ऑइलचा दाब येईपर्यंत, एक-दोन सेकंद खडखड होते. नंतर सगळं गोड. काम मोठं, खर्च त्याहून मोठा. इंजिन आधीच तापवून ठेवलं असेल तर ते दोन सेकंद तुम्हाला ऐकूच येत नाहीत. प्रत्येक विक्रेता लबाड असतो असं नाही, पण लबाड आहे की नाही हा प्रश्न सारंगखेड्यात कुणी विचारतच नाही. गरम घोडा बघायचाच नाही.

(दृश्य: टायरवर बोट फिरवणारा हात.)

दुसरी गाडी रात्रभर उभी होती. चावी फिरवली, मामांनी डोळे मिटले. खडखड नाही. मग दात मोजले. गाडीचे दात म्हणजे टायरवरचे शेवटचे चार आकडे: 2316 असेल तर टायर 2016 च्या तेविसाव्या आठवड्यातला. धावलेले किलोमीटर कमी आणि टायर जुने, म्हणजे गाडी उभी राहिली. उभ्या गाडीची बॅटरी बसते, रबर कडक होतं. गाडी उचलून पुढच्या सस्पेन्शन आर्मचे रबरी बुश पाहिले, झिजलेले निघाले. तेवढी रक्कम भावातून कमी. डॅशबोर्डवरची बटणं बोटाला चिकटली. त्यांच्यावरचा रबरी थर उन्हात मऊ, चिकट होतो, हे या गाड्यांचं सर्वांना ठाऊक असलेलं दुखणं. मुंबईत ही गत, तर मे महिन्यात पारा पंचेचाळिसाला टेकणाऱ्या आमच्या गावी काय होईल? छप्पर तीनदा उघडलं, तीनदा मिटलं. शेवटी चासी नंबर आरसीशी पडताळला, सर्व्हिसची पावती न पावती वाचली, बँकेचा बोजा उतरल्याचं बघितलं, मालकी बदलाच्या फॉर्म 29 आणि 30 वर सह्या झाल्या.

भाव ठरवताना मजा झाली. जुन्या बाजारी रिवाजाप्रमाणे मामांनी उपरणं पुढे केलं, बोटांनी आकडा सांगायला. समोरच्या पोरानं मोबाइलचा कॅल्क्युलेटर धरला. मामांनी त्या मोबाइलवरच उपरणं टाकलं आणि खालून आकडा दाबला.

(दृश्य: शहाद्याजवळचं शेत, पत्र्याचं शेड.)

गाडी ट्रकवर चढून आली. दोन चाकांत जवळजवळ तीन मीटरचं अंतर आणि पोट जमिनीला लागलेलं, त्यामुळे गावातला पहिलाच गतिरोधक तिला जड गेला असता. सर्व्हिसला चारशेएक किलोमीटर, मुंबईच. लिटरला कागदावरच सहा-साडेसहाचं अ‍ॅव्हरेज. शेडमध्ये बॅटरीचा चार्जर कायम लावलेला असतो, वीज असेल तेव्हा.

उन्हाळ्यात छप्पर दिवसा उघडतच नाही. दिवेलागण झाली की मामा प्रकाशा गावाच्या रस्त्यावर निघतात. मागच्या सीटवर मामी, डोक्यावर पदर घट्ट धरून. परत आल्यावर मामा शेडमध्ये थांबतात आणि बोनेट निवेपर्यंत तिथून हलत नाहीत.