मे १९६१ म्हणजे मे १९५६: जुन्या व्हाइसचं वय कसं काढायचं

(दृश्य: जबडा पूर्ण उघडलेला बेंच व्हाइस. टॉर्चचा तिरपा उजेड सरकत्या भागाच्या पोटाखाली.)

व्हाइस म्हणजे काम करताना वस्तू दोन जबड्यांत घट्ट धरून ठेवणारा शिकंजा. त्याचा जबडा शेवटापर्यंत उघडला, की सरकत्या भागाच्या पोटाशी एक लांब खाच दिसते. तिच्यापाशी बोटाला जेमतेम लागतील असे ठसे आहेत: पाच, आडवी रेघ, एकसष्ट. मे १९६१.

हा व्हाइस मात्र १९६१चा नाही. तो १९५६चा आहे.

आकड्यांच्या आधी दोन तुटक शब्द ठोकलेले आहेत, 'गॅर. एक्स्प.'. गॅरंटी संपण्याची ही तारीख. शिकागोची विल्टन कंपनी आपल्या व्हाइसला पाच वर्षांची गॅरंटी द्यायची आणि ती कधी संपते हे सरळ लोखंडावर ठोकून मोकळी व्हायची. गिऱ्हाइकाने पावती हरवली तरी वाद नको. आपण त्यातून पाच वर्षं वजा करायची. आणि ज्या जुन्या विल्टनवर हे शब्द नाहीत, नुसतीच तारीख आहे, तिथे वजाबाकी करायची नाही. ती तयार झाल्याचीच तारीख.

जुन्या व्हाइसच्या बाबतीत नव्वद टक्के गोंधळ इथूनच सुरू होतो, असं मी बिनदिक्कत म्हणेन, टक्केवारी कुणी मोजलेली नसली तरी. लोखंडावरची तारीख सहसा खोटी नसते. ती कशाची तारीख आहे, एवढंच कुणी विचारत नाही.

(दृश्य: गोलसर, लांबट पाठीचा व्हाइस, बाजूने.)

ह्यू व्होगल नावाच्या चेक स्थलांतरिताने १९४१ साली शिकागोत विल्टन कंपनी सुरू केली. तिच्या या व्हाइसला जाणकार 'बुलेट' म्हणतात. कारण दिसतंच आहे. पण तो आकार दिखाव्याचा नाही. साध्या व्हाइसचा स्क्रू खालून उघडा असतो. कानशीचा कीस, वेल्डिंगच्या ठिणग्या, धूळ, सगळं त्याच्या आट्यांत जाऊन बसतं आणि ग्रीसमध्ये मिसळून आटे खात राहतं. व्होगलच्या रचनेत स्क्रू बंद नळीत आहे. म्हणून साठ-सत्तर वर्षांचे बुलेट आजही दोन बोटांनी फिरतात.

आपण ठरवलेलं साल बरोबर आहे का, हे तपासायला या व्हाइसवर दुसरा साक्षीदारही आहे. अंगावरच्या ओतीव अक्षरांत गावाचं नाव असतं. १९५७ साली कंपनी शिकागो सोडून जवळच्या शिलर पार्कला गेली. आपला व्हाइस १९५६चा असेल, तर अंगावर शिकागो हवं. (दृश्य: अक्षरांवर खडू घासला जातो, 'शिकागो' उमटतं.) आहे.

आणि नसतं तर? समजा, तारखेवरून १९५० येतंय आणि अंगावर शिलर पार्क लिहिलंय. मग तो दोन व्हाइसचा मिळून झालेला एक आहे. कुणाचं तरी अंग फुटलं, कुणाचा तरी सरकता जबडा शिल्लक होता, दोन्ही जुळवले. कामाला काहीच हरकत नाही. फक्त विकणाऱ्याने 'ओरिजिनल' म्हणून भाव चढवला, तर ही दोन अक्षरं त्याला शांतपणे दाखवावीत.

(दृश्य: निळ्या रंगाचा सुतारी व्हाइस, टेबलाच्या कडेला.)

आता सालासारखे दिसणारे पण साल नसलेले आकडे. शेफील्डच्या सी. अँड जे. हॅम्पटन कंपनीचा 'रेकॉर्ड' छाप भारतातही ओळखीचा आहे. त्यांच्या सुतारी व्हाइसवर ५२, ५२½, ५३ असे आकडे ओतलेले असतात. ५३ पाहून '१९५३चा आहे साहेब' म्हणणारे विक्रेते भेटतात. मग ५२½ म्हणजे काय, जून १९५२? हे मॉडेलचे नंबर आहेत: ५२चा जबडा सात इंची, ५२½चा नऊ, ५३चा साडेदहा. सालाचा धागा इथे कंपनीच्या नावात मिळतो. १९७२ साली हॅम्पटन रिजवे कंपनीत मिळाली आणि 'रेकॉर्ड रिजवे' हे नाव आलं. हे जोडनाव दिसलं, की व्हाइस १९७२च्या आधीचा नाही.

नावाने साल सांगण्याचं याहून रंगतदार उदाहरण अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या ॲथॉल गावचं. लरॉय स्टारेट या माणसाने १८६५ साली मांस बारीक करण्याच्या यंत्राचं पेटंट घेतलं. ते बनवण्यासाठी तो १८६८ साली ॲथॉलला आला आणि तिथे ॲथॉल मशीन कंपनी उभी राहिली. पुढे त्याचं आणि कंपनीचं बिनसलं. १८८० साली त्याने त्याच गावात स्वतःचा कारखाना काढला, मोजमापाच्या अवजारांचा. आपल्याकडच्या टूलरूममध्ये स्टारेटचा मायक्रोमीटर आजही कपाटात कुलपाखाली असतो, तोच हा स्टारेट. जुनी कंपनी मात्र व्हाइस बनवत राहिली. आणि १९०५ साली स्टारेटने ती कंपनीच विकत घेतली! जिथून बाहेर पडला, तिचाच मालक झाला. आपल्यापुरता याचा उपयोग असा: ॲथॉलच्या व्हाइसवर स्टारेटचं नाव असेल, तर तो १९०५ नंतरचा.

(दृश्य: बिडाच्या अंगावर झिजलेली पेटंटची ओळ.)

पेटंट हा शब्द दिसला की लोक खूश होतात. जपून. पेटंटची तारीख म्हणजे ती कल्पना नोंदली गेल्याचा दिवस. त्याच साच्यातून पुढे वीस वर्षं ओतकाम चालू राहू शकतं आणि साच्यातली अक्षरं तीच राहतात. म्हणून पेटंटची तारीख फक्त एवढंच सांगते, की वस्तू याच्या आधीची नाही. अंगावर दोन-तीन तारखा असतील, तर सर्वांत अलीकडची धरायची.

अमेरिकन वस्तूंवर १९२७ पर्यंत पेटंटची तारीख टाकायची पद्धत होती, कारण १८४२च्या कायद्याने ती सक्तीची केली होती. १९२७ साली कायदा बदलला आणि तारखेऐवजी नंबर आला. अमेरिकेचं दहा लाखावं पेटंट १९११ साली दिलं गेलं, वीस लाखावं १९३५ साली, तीस लाखावं १९६१ साली. एवढे तीन आकडे डोक्यात असले, की बाजारात उभ्या उभ्या अंदाज बांधता येतो.

आणि अक्षरं झिजलेली असतील तर? बिडावर तीन आणि आठ झिजले, की ओळखू येत नाहीत. समजा, '२० मे १८७' इथवर वाचता येतंय आणि शेवटचा आकडा तीन की आठ, कळत नाही. इथे एक कॅलेंडर लागतं. अमेरिकेचं पेटंट कार्यालय एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून पेटंट मंगळवारीच देत आलंय. २० मे १८७३ मंगळवार होता. २० मे १८७८ सोमवार. मग तो तीनच. (त्याच मंगळवारी जीन्सच्या खिशांना तांब्याचे रिव्हेट मारण्याचं लेव्ही स्ट्रॉसवाल्यांचं पेटंटही निघालं, म्हणून हा दिवस माझ्या लक्षात राहिलाय.)

(दृश्य: लोहाराच्या भात्याजवळचा उंच लेग व्हाइस. हातोड्याचा आवाज.)

इथपर्यंत सगळं अक्षरांच्या जिवावर. पण ज्याच्या अंगावर एकही अक्षर नाही, त्याचं काय?

लोहाराचा लेग व्हाइस बहुधा असाच मुका येतो. त्याचा एक पाय जमिनीपर्यंत जातो. घाव बसला की धक्का टेबलाला न लागता त्या पायावाटे जमिनीत उतरतो. बिडाचा बेंच व्हाइस अशा मारामारीत तडकतो. हा घडीव लोखंडाचा असल्याने तडकत नाही. त्याचे जबडे खाली बिजागरीवर फिरतात, त्यामुळे जाड वस्तू धरली की ते एकमेकांना समांतर राहत नाहीत, वर फाकतात. बेंच व्हाइसचा जबडा सरळ रुळावर सरकतो, म्हणून फिटरला तो आवडला आणि कारखान्यांबरोबर वाढला.

मुक्या लेग व्हाइसचं वय त्याच्या पोटात असतं. दांडा फिरवून स्क्रू पूर्ण बाहेर काढा आणि ज्या नळीत तो जातो तिच्या तोंडात टॉर्च मारा. (दृश्य: नळीचं तोंड, आतल्या आट्यांच्या कडेला पिवळसर रेघ.) ही पिवळी रेघ दिसतेय ना? पितळ. आतून चौकोनी आटे कापणं पूर्वीच्या कारागिराला फार अवघड होतं. मग त्याने वेगळी वाट काढली. आधी स्क्रू तयार करायचा. त्याच्या खाचांत चौकोनी सळईचं वेटोळं घालायचं. ते वेटोळं नळीत सरकवायचं आणि पितळ वितळवून आत जोडून टाकायचं. झाले आतले आटे. म्हणून अशा व्हाइसचा स्क्रू फक्त त्याच्याच नळीत चालतो. शेजारच्या व्हाइसचा घालून बघा, अडेल. आयुष्यभर जुंपलेली ही जोडी दिसली, की समजावं, घडण जुन्या पद्धतीची आहे.

मग इंग्लंडमधल्या डडलीच्या पीटर राइटने, ज्याच्या ऐरणी लोहार आजही शोधत फिरतात, एकोणिसाव्या शतकात पेटंटची 'सॉलिड बॉक्स' नळी आणली. वेटोळं नाही, पितळ नाही. आटे नळीच्या अंगातच. त्यावर त्याने आपलं नावही ठोकलं. पण एक खरं, की जुनी पद्धत त्या दिवशी बंद पडली नाही. लहान लोहारशाळेत ती पुढेही चालली असणार. त्यामुळे पितळाची रेघ पाहून अठराशे अमुक असं छातीठोक सांगणाऱ्यावर मी विश्वास ठेवत नाही.

आट्यांचा आकारही पाहून घ्या. काटकोनी चौकोनी आटे जुने. बाजू किंचित तिरप्या असतील, तर तो ॲक्मे आटा. तो १८९०च्या दशकात पुढे आला आणि यंत्रावर कापायला सोपा म्हणून हळूहळू चौकोनी आट्याची जागा घेत गेला. जबड्याच्या पट्ट्या फिलिप्स, म्हणजे डोक्यावर अधिकच्या चिन्हासारखी खाच असलेल्या, स्क्रूने बसवल्या असतील, तर ते स्क्रू १९३०च्या आधीचे असूच शकत नाहीत. व्हाइस मात्र असू शकतो, कारण पट्ट्या बदलतात.

हे सगळं वाचायचं तर आधी एक विनंती. जुना व्हाइस हातात आला, की लगेच ग्राइंडरला वायर ब्रश लावून चकचकीत करणारे व्हिडिओ खूप चालतात. बघायला मलाही मजा येते. पण त्या दहा मिनिटांत जाणारे ठसे पुन्हा येत नाहीत. आधी रॉकेल आणि चिंधी, मग खडू, मग तिरपा उजेड. फोटो काढा. गंज नंतर काढा.

(दृश्य: मुंबई, चोर बाजार. भंगाराच्या ढिगात इंग्रजी बनावटीचा व्हाइस.)

मुंबईच्या गिरण्या आणि रेल्वेच्या कार्यशाळांमुळे इंग्रजी अवजारं इथल्या भंगारात अजूनही सापडतात. त्यांच्या बाबतीत इंटरनेटवरचा एक नियम जसाच्या तसा लावू नये. नियम असा: अंगावर 'इंग्लंड' लिहिलेलं नसेल, तर माल १८९१च्या आधीचा. अमेरिकेच्या मॅकिन्ली जकात कायद्याने आयात मालावर देशाचं नाव सक्तीचं केलं, त्यावरून हे आलंय. पण तो कायदा अमेरिकेत उतरणाऱ्या मालाला होता. मुंबई बंदरात उतरलेल्या व्हाइसवर 'इंग्लंड' नसणं काहीच सिद्ध करत नाही.

ब्रिटिश पेटंटचा नंबर जास्त भरवशाचा. १९१५ पर्यंत तिकडे दर वर्षी नंबर पुन्हा एकपासून सुरू व्हायचे, म्हणून नंबराला साल जोडावं लागे. १९१६ पासून १,००,००१ पासून सलग मोजणी सुरू झाली. नंबर लाखाच्या वर, तर व्हाइस १९१६च्या आधीचा नाही.

आणि दुसरं टोक मालकाच्या खुणेत सापडतं. रेल्वे आपल्या अवजारांवर नाव ठोकायची. परळची कार्यशाळा १८७९पासून आणि माटुंग्याची १९१५पासून, दोन्ही जीआयपी, म्हणजे ग्रेट इंडियन पेनिन्सुला, रेल्वेच्या. ५ नोव्हेंबर १९५१ रोजी जीआयपीची मध्य रेल्वे झाली. म्हणजे लाखाच्या वरचा पेटंट नंबर आणि शेजारी 'जीआयपीआर' असा ठसा मिळाला, तर व्हाइस १९१६ ते १९५१ यांच्या मधला. पस्तीस वर्षांची फट उरतेच. ती कमी करायची असेल, तर बोल्ट सोडून व्हाइस उलटा करावा लागेल आणि तळाचा रंग खरवडून बघावा लागेल.