वऱ्हाड सापडत नाही जी!

नमस्कार श्रोतेहो.

नवं सत्र तोंडावर आलंय आणि कॉलेजांत खरेदीच्या बैठका सुरू झाल्यात. संगणक विभाग सर्वर मागतो, ग्रंथालय सॉफ्टवेअर मागतं. दोन वेगळ्या फायली प्राचार्यांच्या टेबलावर जातात, वेगवेगळ्या मंजूर होतात आणि वेगवेगळ्या कपाटांत जाऊन बसतात. माझं आज एवढंच म्हणणं आहे की या दोन फायलींची एक फाईल झाली पाहिजे. पुस्तकं ओळखणारी माणसं आणि यंत्र ओळखणारी माणसं एका टेबलाशी बसली पाहिजेत. आणि ती खरेदीच्या आधी बसली पाहिजेत. आधी, हा शब्द लक्षात ठेवा.

मी नागपुरातल्या एका कॉलेजात ग्रंथपाल होते. तिथे घडलेली एक गोष्ट सविस्तर सांगते.

आमच्याकडे तेव्हा 'कोहा' ही ग्रंथालयाच्या पुस्तकांच्या नोंदी ठेवणारी संगणक प्रणाली नुकतीच बसवली होती. न्यूझीलंडमधल्या एका ग्रंथालयासाठी ती तयार झाली, २००० सालापासून वापरात आहे आणि तिला परवाना शुल्क पडत नाही. जुन्या सगळ्या नोंदी तिच्यात आल्या. पुस्तक शोधायला वाचकांसाठी दाराशी एक नवा संगणक मांडला.

मे महिना होता. बाहेर रस्त्यावर चिटपाखरू नाही, आत कूलरची घरघर. एम.ए.ची एक मुलगी माझ्या टेबलाशी आली. दर्यापूरकडची. वऱ्हाडातल्या जात्यावरच्या ओव्यांवर तिला प्रबंधिका लिहायची होती. म्हणाली, "मॅडम, तुमच्या कम्प्युटरात वऱ्हाड सापडत नाही जी."

मी माझ्या टेबलावरच्या संगणकात 'वऱ्हाड' टाइप केलं. यादीच्या यादी आली. तिला म्हटलं, "हे बघ, आहे की." ती म्हणाली, "तिकडे या ना, मॅडम." दाराशी गेले, तोच शब्द, तीच अक्षरं टाइप केली. उत्तर आलं, शून्य नोंदी. पुन्हा माझ्या टेबलावर, यादी. पुन्हा दाराशी, शून्य.

संगणक विभागाला फोन लावला. तिकडून सांगितलं, नेटवर्क ठीक आहे, सर्वर ठीक आहे, तुमच्या नोंदी तपासा. आमचे परिचर, ज्यांना सगळं कॉलेज भाऊ म्हणायचं, त्यांनी दाखल रजिस्टर काढलं, कपाटाशी जाऊन एकेका पुस्तकाला हात लावून दाखवला. नोंदीही ठीक होत्या. दोन्ही बाजू खऱ्या होत्या, आणि मुलगी पुस्तकाविना उभी होती.

शेवटी सर्वर सांभाळणारा तरुण स्वतः आला. छिंदवाड्याचा, हिंदी माध्यमात शिकलेला. खुर्ची ओढून बसला आणि म्हणाला, "मॅडम, दोनों जगह धीरे-धीरे टाइप कीजिए." मी केलं. दोन्ही शब्द त्याने अशा एका ठिकाणी टाकले जिथे अक्षराऐवजी अक्षराचा संकेतांक दिसतो. आणि तिथे सापडलं. आपल्या 'वऱ्हाड'मधला तो आडवा र संगणकात दोन तऱ्हांनी लिहिता येतो. एका तऱ्हेत दोन चिन्हं असतात: खाली टिंब असलेला र आणि हलन्त. दुसऱ्या तऱ्हेत तीन: साधा र, हलन्त आणि एक जोडचिन्ह, जे पडद्यावर दिसतच नाही, जागाही घेत नाही. डोळ्यांना दोन्ही शब्द अगदी सारखे. संगणकाला मात्र ते वेगळे. जुन्या नोंदी ज्या कळफलकावर झाल्या, तोच माझ्या टेबलावर होता. दाराशी नवा संगणक, नवा कळफलक. श्रोतेहो, पुन्हा सांगते: पुस्तक होतं, नोंद होती, यंत्र चालू होतं, तरीही पुस्तक सापडत नव्हतं.

त्या मुलाला हा आडवा र ठाऊकच नव्हता, कारण हिंदीत तो लागत नाही. मी कागदावर दाखवलं की 'सूर्य'मधला र डोक्यावर जाऊन रफार होतो, 'वऱ्हाड'मधला र आडवा होऊन ह ला चिकटतो. त्याने नीट पाहिलं आणि विचारलं, "तो ऐसे और शब्द कौन-से हैं?"

हा प्रश्न ग्रंथालयात येऊन बसल्याशिवाय त्याला सुचला नसता, आणि त्याने विचारल्याशिवाय आम्हालाही सुचला नसता. भाऊ पुस्तकं लावता लावता बोलू लागले. कऱ्हाड. गोऱ्हा. दऱ्या. कामगार आणि कर्मचाऱ्यांचे कायदे. मग म्हणाले, "शेतकऱ्यांचे प्रश्न."

आम्ही तिघंही थबकलो. दाराशी जाऊन 'शेतकऱ्यांचे' टाइप केलं. नव्याने नोंदवलेली थोडी पुस्तकं आली. जुनी सगळी गायब. महात्मा फुल्यांचं शेतकऱ्यांवरचं पुस्तकसुद्धा नाही. विदर्भातलं कॉलेज, मुलं कापसावर, कर्जावर, आत्महत्यांवर लिहायला येतात, आणि दाराशी ठेवलेलं यंत्र त्यांना सांगतं, काही नाही. किती जण तेवढंच वाचून परत गेले असतील, हा विचार माझ्या मनातून आजही जात नाही.

उपाय अवघड नव्हता. शोधाच्या नियमांत त्याने भर घातली की ही दोन्ही रूपं एकच धरायची. रात्रभर सगळ्या नोंदींची अनुक्रमणी नव्याने तयार झाली. मग भाऊंनी सुचवलं, 'अ' वर चंद्र असलेलं अक्षरही बघा, ॲड्व्होकेटमधलं, ॲग्रिकल्चरमधलं. तेही दोन तऱ्हांनी नोंदलेलं निघालं. तेही जुळवलं. पडताळा घेतला जुन्या कार्डांवरून. इथे माझं एक ठाम मत सांगून टाकते: लाकडी खणांतली ती तालिकेची कार्डं रद्दीत घालू नका. संगणक चुकला की विचारायला दुसरा साक्षीदार तोच असतो.

आणि मतांचाच विषय निघालाय म्हणून अजून एक. हल्ली आपल्या शहरात लायब्ररी म्हटलं की स्पर्धा परीक्षेची अभ्यासिका, खुर्ची आणि चार्जिंगची सोय. अभ्यासिका हवीच, पण जिथे कपाटातलं पुस्तक कुणी मागत नाही त्या जागेला मी ग्रंथालय म्हणणार नाही. असो.

आता बाकीचं थोडक्यात.

कॉलेजच्या आवारात नियतकालिकं इंटरनेटवर वाचता येतात ती बरेचदा आवाराच्या आयपी पत्त्यामुळे, म्हणजे इंटरनेटवरच्या ओळख क्रमांकामुळे. प्रकाशकाचं यंत्र तो पत्ता ओळखतं. उन्हाळ्यात संगणक विभाग नवी इंटरनेट जोडणी घेतो, पत्ता बदलतो, ग्रंथालयाला कुणी सांगत नाही. घर बदललं आणि पोस्टमनला कळवलं नाही, तसंच हे. वर्गणी भरलेली असते आणि दार बंद असतं. म्हणून जोडणी बदलण्याआधी ग्रंथपालांना कळवा. बदलण्याआधी.

केंद्राने २५ नोव्हेंबर २०२४ रोजी 'एक राष्ट्र, एक सदस्यता' ही योजना मंजूर केली. तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशक, जवळपास १३,००० नियतकालिकं. ती सरकारी संस्थांसाठी आहे आणि तिचं काम विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट या संस्थेकडून चालतं. अनुदानित कॉलेजांसाठी त्याच संस्थेचा एन-लिस्ट कार्यक्रम आहे. त्यात विद्यार्थ्याला स्वतःचं खातं मिळतं, घरून वाचता येतं. पण खाती उघडायला याद्या लागतात. कोण शिकतंय, कोण सोडून गेलं हे ग्रंथालयाला ठाऊक, ईमेल पत्ते संगणक विभागाकडे. दोन याद्या जुळल्या नाहीत तर ऑगस्ट उजाडतो तरी नव्या मुलांच्या हाती काही पडत नाही.

ऑगस्टवरून आठवलं, १२ ऑगस्टला आपण ग्रंथपाल दिन पाळतो, डॉ. रंगनाथन यांच्या जन्मदिनी. त्यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रं मांडली. त्यातलं चौथं आहे, वाचकाचा वेळ वाचवा. हारफुलांसोबत त्या दिवशी संगणक विभागाला ग्रंथालयात जेवायला बोलवा, असं मी प्रत्येक ग्रंथपालाला सांगते. पंक्तीत बसून जे विचारलं जातं ते पत्रव्यवहारात येत नाही.

आणि प्राचार्यांना सांगणं असं की मोफत प्रणाली म्हणजे बिनखर्ची प्रणाली नव्हे. सर्वर लागतो, रोजची बॅकअप प्रत लागते, मराठी जाणणारा माणूस लागतो. हे तिन्ही त्या एकाच फायलीत लिहा, दोघांच्या सह्या घ्या.

विद्यार्थी मित्रांनो, तुम्ही एवढं करा. पुस्तक संगणकात दिसलं नाही तर तिथूनच परत फिरू नका. देवघेवीच्या टेबलाशी जा आणि शब्द कुठे टाइप केला, मोबाईलवर की दाराशी, तेही सांगा. मोबाईलवर ग्रंथालयाच्या शोधपानात 'शेतकऱ्यांचे' टाइप करून किती पुस्तकं येतात ते मोजा, मग ग्रंथालयातल्या संगणकावर मोजा. आकडा जुळला नाही तर दोन्ही विभागांना एकाच अर्जात कळवा.

नमस्कार.