नेमका कोणता अणू राबतो?

श्रोतेहो, नमस्कार. आपल्या कोल्हापूर भागातल्या साखर कारखान्यांचं इथेनॉल पेट्रोलमध्ये मिसळायला जातं. तेच इथेनॉल तापवून अ‍ॅल्युमिनावरून नेलं, तर पाणी सुटून इथिलीन मिळतं आणि इथिलीनचं पॉलिथीन होतं. या दुसऱ्या टप्प्यासाठी १९५१ साली अमेरिकेत होगन आणि बँक्स या रसायनशास्त्रज्ञांनी सिलिकावर, म्हणजे वाळूत असतो त्या सिलिकॉन-ऑक्सिजनच्या पदार्थावर, क्रोमियम धातू बसवलेला उत्प्रेरक (स्वतः न संपता रासायनिक क्रिया वेगाने घडवणारा पदार्थ) शोधला. तो आजही जोरात चालतो. पण त्यातला कोणता क्रोमियम राबतो, यावर शास्त्रज्ञांचा वाद अजून मिटलेला नाही.

याचं मूळ उत्प्रेरक बनवण्याच्या रूढ रीतीत आहे. धातूच्या क्षारात सिलिका भिजवायची, वाळवायची, भाजायची. मग धातूचे कुठे पुंजके होतात, कुठे सुटे अणू राहतात. तालमीच्या हौद्यात पन्नास जण उतरलेत, माती उडतेय, पण डाव कोण टाकतोय ते दिसत नाही, तशी गत.

फ्रान्समध्ये ल्योंला रसायनशास्त्रज्ञ जाँ-मारी बासे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उलटीकडून सुरुवात केली: आधी जागा ठरवायची, मग धातू बसवायचा. सिलिकाच्या पृष्ठभागावर ऑक्सिजन-हायड्रोजनचे, म्हणजे हायड्रॉक्सिल गट असतात. निर्वातात ७०० अंश सेल्सिअसला तापवलं की शेजारशेजारचे गट पाणी होऊन निघून जातात आणि दर चौरस नॅनोमीटरला सुमारे एकच उरतो, एकटा. मग कार्बनचे गट थेट जोडलेलं धातूचं संयुग त्यावर सोडायचं. त्यातला एक कार्बन गट हायड्रॉक्सिलचा हायड्रोजन घेऊन वायूरूपाने निसटतो आणि धातू ऑक्सिजनला पक्का जोडला जातो. सुटलेला वायू मोजला की धातूने किती बंध सोडले ते कळतं. मला यातला हा हिशेबच सगळ्यात आवडतो. शिवाय पदार्थ कोणता अवरक्त (इन्फ्रारेड) प्रकाश शोषतो ते दाखवणाऱ्या वर्णपटात सुट्या हायड्रॉक्सिलची ठरलेली रेघ पुसट होते, तीही साक्ष देते.

अशाच रीतीने सिलिकावर टँटलम हायड्राइड, म्हणजे हायड्रोजन जोडलेला टँटलम धातू, बसवून बासे यांच्या गटाने १९९७ मध्ये इथेनपासून मिथेन आणि प्रोपेन मिळवले, तेही १५० अंशांना. इथेनसारख्या अल्केनांकडून, म्हणजे फक्त एकेरी बंध असलेल्या कार्बन-हायड्रोजनच्या आळशी रेणूंकडून, एवढ्या कमी तापमानाला हे काम करून घेणं सोपं नव्हे.

हे उत्प्रेरक उद्या गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत दिसतील, असं मात्र मी म्हणणार नाही. संयुगं महाग. शिवाय हवा आणि ओल त्यांना अजिबात चालत नाही, सगळं काम आर्गॉन या निष्क्रिय वायूने भरलेल्या पेटीत. आपल्या जुलैतल्या पावसात तर विचारूच नका!