'शापूर'मधलं पूर आपलं नाही

निशापूर, इराणमधलं एक शहर. नाव ऐकलं की लगेच सोलापूर, कोल्हापूर डोळ्यासमोर येतं ना? पण इथलं पूर म्हणजे गाव नाहीच, ते आहे पुत्र! शापूर म्हणजे राजाचा मुलगा, आणि निशापूर म्हणजे साधारण 'शापूरचं चांगलं काम'. म्हणजे शहराच्या नावात शहर कुठेच नाही, फक्त राजा आहे, आणि इस्लामच्या आधी इराणवर राज्य करणाऱ्या सासानी राजांची हीच पद्धत होती.

पहिला अर्दशीर. 3ऱ्या शतकात त्याने दक्षिण इराणातल्या फार्समध्ये शहर वसवलं, नाव दिलं अर्दशीर-ख्वर्रह, अर्दशीरचं तेज. वरून बघा, जवळजवळ 2 किलोमीटर व्यासाचं गोल शहर, अगदी कंपासने काढल्यासारखं, आणि मधोमध तो दगडी मनोरा अजून उभा आहे. याच शहराला गोर पण म्हणायचे, आणि फारसीत गोर म्हणजे कबर, त्यामुळे राजा गोरला गेला म्हटलं की कसंतरीच वाटायचं, म्हणून 10व्या शतकात तिथला राजा अझुद अल-दौला याने नाव बदलून फिरोजाबाद केलं असं सांगतात. हेच 'आबाद' पुढे आपल्या औरंगाबादपर्यंत आलं.

मग अर्दशीरचा मुलगा शापूर. त्याने रोमन लोकांचं अँटिऑक शहर लुटलं, माणसं कैद करून नैऋत्य इराणातल्या खुझिस्तानात आणली आणि त्यांच्यासाठी शहर वसवलं, नाव काय तर वेह-अँदियोक-शापूर, 'अँटिऑकपेक्षा भारी, शापूरचं'. आपण त्याला गुंदेशापूर म्हणून ओळखतो, तिथल्या वैद्यांचं पुढे खूप नाव झालं. पण मला नेहमी वाटतं, ज्यांचं गाव लुटलं त्यांना रोज आपल्या पत्त्यात हे 'भारी' म्हणावं लागत असेल, तेव्हा काय होत असेल?

540 साली खुसरो या सासानी राजाने परत तेच केलं. अँटिऑक जाळलं, लोकांना आपली राजधानी तेसिफोनजवळ, म्हणजे आजच्या बगदादच्या दक्षिणेला नेलं आणि नवीन शहर दिलं, वेह-अँदियोक-खुसरो. स्नानगृह, शर्यतीचं मैदान, सगळं दिलं. म्हणतात की गल्ल्या आणि घरं इतकी हुबेहूब होती की प्रत्येकजण आपापल्या दारात बरोबर जाऊन उभा राहिला.

शाहनामा या फारसी महाकाव्यात कवी फिरदौसीने त्यातला एक चांभार दाखवलाय. तो म्हणतो, घर तेच आहे, पण माझ्या दारात तुतीचं झाड होतं, ते इथे नाही.