हापूसला शेजार हवा

(तालुक्याच्या वाचनालयात आंबा बागायतदार आणि रसिकांसमोर झालेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मंडळी, नमस्कार. समोर निम्मे बागायतदार दिसतायत आणि निम्मे नुसते खाणारे. दोघांना पुरेल असं बोलायचा प्रयत्न करतो, पण झुकतं माप बागायतदारांना देणार. खाणाऱ्यांची सोय बाजारात होतेच.

माझं सांगणं एवढंच आहे, की नुसत्या हापूसची सलग बाग ही चुकीची बाग आहे. आमच्या आजोबांच्या पिढीत अशी बाग नव्हतीच. घराच्या मागे दोन हापूस, एक पायरी, गडग्याला, म्हणजे दगडी कुंपणाला, पाच-सात रायवळ, म्हणजे कोयीपासून उगवलेले गावठी आंबे, असा सगळा संसार असायचा. मग हापूसला मुंबईत भाव मिळायला लागला. १९९० साली रोजगार हमीशी जोडलेली फळबाग लागवड योजना आली, आणि आपण कातळाला सुरुंग लावून, खड्ड्यात बाहेरची माती भरून, डोंगरच्या डोंगर हापूसखाली आणले. त्या योजनेने कोकणात पैसा आणला, हे मान्यच करायला हवं. पण लावताना आपण एकच जात लावली, आणि गडग्यावरचे रायवळ तोडून खोक्यांना नि जळणाला दिले. त्याची किंमत आता मोजतोय.

ती कशी, ते कळायला मोहोर जवळून बघायला हवा. डिसेंबर-जानेवारीत सकाळी उन्हं वर यायच्या आत बागेत जा. एक तुरा हातात धरा आणि जमलं तर भिंग लावा. एका तुऱ्यावर शेकड्यांनी, कधी हजारावर फुलं असतात, प्रत्येक फूल तांदळाच्या दाण्याएवढं. पाच पाकळ्या, त्यावर पिवळ्या रेघा, नंतर त्या लालसर होतात. मधोमध एक रसाळ चकती, आणि तिच्या कडेला बहुधा एकच कामाचा पुंकेसर, गुलाबी टोपीचा. आता चकतीच्या मध्यावर बघा. तिथे हिरवट-पिवळी बारीक गोळी दिसली तर ते फूल संयुक्त, म्हणजे आंबा धरू शकणारं. गोळी नसेल तर ते नर. हापूसच्या तुऱ्यात नर फुलांचाच भरणा असतो, संयुक्त फुलं फार थोडी. नीलमच्या तुऱ्यात ती कितीतरी जास्त असतात, म्हणून नीलम दरवर्षी लगडतो आणि हापूस एक वर्ष देतो, एक वर्ष रुसतो. हे एकमेव कारण नव्हे, पण एक कारण आहे.

पुढची गोष्ट त्याहून महत्त्वाची. ही जी थोडी संयुक्त फुलं आहेत, त्यांना हापूसचाच पराग फारसा चालत नाही. आणि बागेतली सगळी हापूसची झाडं कलमं आहेत, म्हणजे शंभर झाडं दिसली तरी झाड मुळात एकच. या झाडाचा पराग त्या झाडावर गेला म्हणून काही बदलत नाही. कणी धरते, वाटाण्याएवढी होते आणि गळते. आपण म्हणतो थंडी कमी पडली, धुकं पडलं, तुडतुड्याने खाल्लं. तीही कारणं असतातच. पण भर मोहोरात बागेत दुसऱ्या जातीचं एकही झाड फुललेलं नाही, हे आपण कारणांत धरतच नाही. गडग्यावरचा रायवळ हे काम फुकटात करत होता.

पराग नेतं कोण? वारा नव्हे. आंब्याचा पराग वाऱ्यावर फार जात नाही. मधमाश्या येतात, पण आंब्यावर खरी राबते ती माशी, साधी घरमाशीच्या कुळातली, शेणावर नि कुजक्यावर बसणारी. त्यामुळे बागेत शेण पडलेलं असणं, पालापाचोळा कुजत असणं हे माशीच्या दृष्टीने चांगलंच. आणि आपण काय करतो? मोहोर पूर्ण फुललेला असताना सकाळी नऊला पंप सुरू करतो. नेमकी त्याच वेळी फुलं उमललेली असतात, पराग सुटायला लागलेला असतो आणि माशी कामावर आलेली असते. पालवीवर एक फवारणी, बोंगे फुटताना एक, ही ठीक. तुडतुडा ही कीड, भुरी, करपा हे रोग, यांना सोडून चालणार नाही. पण फुलोऱ्यात हात आवरा. आवरता येत नसेल, किडीने कहर केला असेल, तर निदान सकाळची वेळ सोडा.

आता कल्टारचा विषय. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने हापूसवर पॅक्लोब्युट्राझोलचं काम केलं. बाजारात ते कल्टार म्हणून आलं. झाडातलं जिबरेलिन, म्हणजे वाढीचं संजीवक, रोखायचं, म्हणजे झाड पालवीकडे न जाता मोहोराकडे वळतं. शिफारस नेमकी आहे: दहा वर्षांवरचं सशक्त झाड, जुलै-ऑगस्टमध्ये, झाडाच्या विस्ताराच्या दर मीटर व्यासाला ३ मिली, पाण्यात मिसळून बुंध्याभोवती जमिनीत भोकं पाडून. हे काम उत्तम आहे, मी स्वतः वापरतो. पण कितीजण विस्तार मोजतात? डोळ्यांनी अंदाज करायचा, वर दोन झाकणं जास्त ओतायची, आणि खत मात्र गेल्या वर्षीचंच. दहा वर्षांवरच्या झाडाला दहा घमेली शेणखत, ३ किलो युरिया, ३ किलो सुपर फॉस्फेट, २ किलो पोटॅश लागतं. ते न देता कल्टार द्यायचं म्हणजे उपाशी बैलाला चाबूक मारण्यासारखं आहे.

आणि गंमत बघा. जानेवारी-फेब्रुवारीत पुन्हा थंडी पडली की ज्या काडीवर कणी धरली आहे, तिच्यावरच नवा मोहोर येतो. याला आपण पुनर्मोहोर म्हणतो. झाड नव्या मोहोराला पोसतं आणि जुनी फळं टाकतं. त्यावर उपाय म्हणून पुरेसा मोहोर आल्यावर जिबरेलिक आम्ल फवारायला सांगतात. पावसाळ्यात जे रोखलं तेच हिवाळ्यात विकत घेऊन द्यायचं! चुकीचं काहीच नाही, पण झाडाला आपण किती हाकतोय ते यावरून दिसतं.

खाणाऱ्यांना एव्हाना कंटाळा आला असेल, तर साक्याबद्दल सांगतो. पेटी उघडली, आंबा देखणा, वास सुरेख, सुरी घातली तर आत पांढुरका, बेचव, स्पंजासारखा भाग. तुम्ही विक्रेत्याला शिव्या देता. बाहेरून त्यालाही कळत नाही. बंगळूरच्या बागायती संशोधन संस्थेतल्या अभ्यासातून पुढे आलं, की फळ झाडावर असतानाच बाठ्यातलं बी रुजायची तयारी सुरू करतं आणि भोवतालच्या गरातलं पाणी ओढतं. तापलेल्या जमिनीची झळ त्याला कारणीभूत होते. आपला कातळ एप्रिलमध्ये काय तापतो ते तुम्हाला माहीतच आहे. म्हणून झाडाखालचा पालापाचोळा जाळू नका, तिथेच पसरा. आंबा चौदा आणे तयार झाला की काढा, सोळा आण्यांची वाट बघू नका. देठासकट झेल्याने, म्हणजे जाळी लावलेल्या काठीने, उतरवा आणि काढलेला आंबा उन्हात उघड्या जमिनीवर ठेवू नका, लगेच सावलीत न्या.

साका होत नाही असा आंबा आपल्या दाराशी चाळीसहून जास्त वर्षं उभा आहे. त्याचं नाव रत्ना. नीलम आणि हापूस यांच्या संकरातून वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्रात तयार झाला, १९८१ साली प्रसारित झाला. हापूसपेक्षा मोठा, रेषा नाही, साका नाही, दरवर्षी धरतो. मग बाजारात का नाही? कारण दलाल विचारतो, हापूस आहे का? रत्ना म्हटलं की भाव खाली. चव हापूसची नाही हे खरं, पण वाईट आहे असं म्हणणाऱ्याने तो नीट अढीत पिकवून खाल्लेला नाही. रत्नाचा पुन्हा हापूसशी संकर केला, त्यातून १९९२ मध्ये सिंधू आला. बाठा इतका पातळ की पोरं खाऊन झाल्यावर शोधतात. फळ मात्र लहान, म्हणून पेटीत शोभत नाही. कोकण रुची नावाची आणखी एक जात आहे, ती लोणच्यासाठी.

हापूसला पराग देणारा शेजारी म्हणून लावायला मला रत्ना आणि केसर ही दोन पसंत आहेत. शेजारी निवडताना एकच अट: त्याचा मोहोर हापूसच्या मोहोराबरोबर यायला हवा. उशिरा फुलणारा कितीही गोड असला तरी या कामाचा नाही. केसर जुनागढकडचा. तिथल्या नवाबाने १९३४ मध्ये त्याच्या गराचा रंग बघून नाव ठेवलं म्हणतात. गीरच्या केसरला २०११ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, मराठवाड्याच्या केसरला २०१६ मध्ये, आणि आपल्या हापूसला २०१८ मध्ये. मराठवाड्यातले शेतकरी घन लागवड करून, म्हणजे झाडं जवळजवळ लावून, छाटणी करून, ठिबकवर केसर काढतायत, आणि आपण अजून दहा-दहा मीटर अंतरावर लावलेल्या आभाळाएवढ्या झाडांवर माणसं चढवतोय. चढणारी माणसंही आता नेपाळहून येतात. याचा विचार एकदा व्हायला हवा.

पायरी तर हवाच. चोचीचा, खांद्यावर लाली असलेला, पातळ रसाचा. टिकत नाही, लांब जात नाही, म्हणून व्यापाऱ्याला नको. आमरसाला मात्र नुसता हापूस घेणारे लोक बघितले की मला कीव येते. हापूसने रसाला अंग येतं, पायरीने जीभ जागी होते. दोन हापूसला एक पायरी घ्या आणि बघा. आणि सीमेपलीकडच्या गोंयकारांसमोर हापूसची बढाई मारू नका. त्यांचा माणकुराद २०२३ मध्ये मानांकन घेऊन बसलाय, आणि हंगामाच्या सुरुवातीला तो डझनाला जो भाव घेतो तो ऐकून आपला हापूस खाली मान घालेल.

आता करायचं काय? नवी बाग असेल तर दहातलं एक झाड दुसऱ्या जातीचं, आणि तेही एका कोपऱ्यात न कोंबता बागभर पेरून. जुनी बाग असेल तर झाड तोडायची गरज नाही. दर आठ-दहा झाडांमागे एका हापूसची एक मोठी फांदी कापा, फुटलेले धुमारे विरळ करा, आणि त्यातल्या दोन-तीन जोमदार धुमाऱ्यांवर रत्नाची किंवा केसरची काडी कलम करून चढवा. काडी तीन-चार महिन्यांची, डोळा फुगलेली. काढायच्या आठवडाभर आधी तिची पानं देठ ठेवून छाटा, म्हणजे डोळा जागा होतो. पाचर नीट बसली पाहिजे, साल सालीला मिळाली पाहिजे, पट्टी घट्ट. तीन-चार वर्षांत ती फांदी फुलायला लागते.

रोपवाटिकेतून कलम आणाल तेव्हा जोड बघून घ्या आणि लावताना तो मातीच्या वर ठेवा. जोडाखालून खुंटाला, म्हणजे ज्या रोपावर कलम बांधलं त्याला, फूट येते, ती वरचेवर खुडत राहा. खुंट रायवळ कोयीचा असतो आणि तो हापूसपेक्षा दांडगा. दोन पावसाळे दुर्लक्ष केलंत तर वरचा हापूस सुकून जातो, आणि तुम्ही कुंपण घालून, पाणी घालून वाढवलेलं झाड पाचव्या-सहाव्या वर्षी रायवळ निघतं. तसं निघालं तर चिडून कुऱ्हाड घेऊ नका. त्याच्यावर हापूस बांधून घ्या, आणि एक फांदी रायवळच राहू द्या.