बाभळीची शाई

श्रोतेहो, नमस्कार.

एका चित्राचं वर्णन करतो, बघा ओळखीचं वाटतंय का. दोन त्रिकोणी डोंगर. त्यांच्या मधोमध अर्धा सूर्य. डोंगरातून निघून थेट कागदाच्या कोपऱ्यात उतरणारी नदी, नदीत होडी. काठावर कौलारू घर, घराला खेटून नारळाचं झाड. आणि आकाशात चारच्या आकड्यासारखे पाच पक्षी.

हसलात ना? हे चित्र तुम्हीही काढलंय, मीही काढलंय. निसर्गचित्र म्हटलं की हात आपोआप तेच काढतो, डोळ्यांना विचारतसुद्धा नाही.

मी चित्रकलेचा शिक्षक. नोकरीची बरीच वर्षं सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यात गेली. माण म्हणजे कमी पावसाचा मुलूख. माणगंगा वर्षातले बरेच महिने कोरडी. डोंगर आहेत, पण ते त्रिकोणी नाहीत. माथ्यावर सपाट, कुणी सुरीनं कापल्यासारखे. आणि माझ्या वर्गातली चाळीसच्या चाळीस मुलं नारळ आणि होडी काढायची! एकदा मी एकाला विचारलं, "अरे, होडीत बसलायस का कधी?" तो म्हणाला, "न्हाय सर, पर चित्रात असतीया की."

चित्रात असते, म्हणून चित्रात काढायची. यात पोराची काय चूक? आम्हीच फळ्यावर काढून दिलं होतं.

मग एके दिवशी मी वर्ग शाळेमागच्या विहिरीवर नेला. तिथं एक जुनी बाभूळ होती. आधी सगळ्यांना झाडाकडे पाठ करून बसवलं आणि म्हटलं, "बाभूळ काढा." सगळ्यांच्या कागदावर तेच आलं: एक जाड दांडा आणि त्यावर हिरवा ढग. मग म्हटलं, "आता वळा, आणि दहा मिनिटं पेन्सिल खाली ठेवा. नुसतं बघा."

दहा मिनिटं गप्प बसणं मुलांना फार जड जातं, हे मी शिक्षक म्हणून सांगतो. पण पाचव्या मिनिटानंतर बोलणं सुरू झालं. काटे पांढरे आहेत. काटे जोडीनं येतात. खोड काळं, आणि त्याच्या भेगा उभ्या. फांदी सरळ जातच नाही, दर वितीला बेत बदलते. पानं एवढी बारीक, की सावलीसुद्धा चाळणीतून गाळल्यासारखी पडते. एका मुलीनं विचारलं, "सर, सुगरणीची घरटी सगळी एकाच अंगाला का?" खरंच, घरटी झाडाच्या पूर्वेकडे लटकत होती. पावसाळी वारा पश्चिमेकडून येतो, झाडाचा आडोसा पूर्वेला मिळतो, म्हणून सुगरण बहुधा ती बाजू निवडते. हा प्रश्न विज्ञानाच्या तासाला आला नव्हता. तो चित्र काढायला बसल्यावर आला.

त्यानंतर रंगांची गोष्ट निघाली. माझ्या वर्गात निम्म्या मुलांकडे रंगपेटी नसायची. असायची त्यातला काळा आणि तपकिरी आधी संपायचा. तेव्हा वाटलं, ज्या झाडाचं चित्र काढायचं, त्यालाच रंग मागून बघू.

उन्हाळा लागताना बाभळीच्या शेंगा पिकतात. मण्यांची माळ असावी तशा दिसतात, शेळ्यांच्या फार आवडीच्या. त्या शेंगा ठेचल्या, पाण्यात उकळल्या. चहासारखं तपकिरी पाणी निघालं. अर्धं तसंच ठेवलं, हा झाला तपकिरी. उरलेल्या अर्ध्यात गंजलेले खिळे टाकले. दोन दिवसांनी पाणी काळं! शेंगांतलं टॅनिन, म्हणजे तुरट द्रव्य, आणि खिळ्यांतलं लोखंड एकत्र आलं की काळा रंग तयार होतो. आता तो कागदाला धरून राहायला हवा, तर त्यासाठी डिंक. डिंकही बाभळीचाच, खोडाच्या जखमेतून पाझरलेला. आणि टाक? एका पोरानं बाभळीचाच लांब काटा घेतला, शाईत बुडवला आणि रेघ ओढली. पहिल्यांदा फिकी दिसली, वाळता वाळता गडद होत गेली. सगळी डोकी त्या एका रेघेवर वाकली होती.

श्रोतेहो, हे काही मी शोधलेलं नाही. डहाणूकडच्या वारली बायका लग्नचौक, म्हणजे लग्नाच्या वेळी भिंतीवर काढायचा चौक, रंगवतात तो कशानं? भिंत गेरूनं सारवायची, तांदळाच्या पिठाचं पाणी करायचं आणि बांबूच्या काडीचं टोक चावून मऊ केलं की तोच ब्रश. त्याच परिसरातल्या जिव्या सोमा मशे यांनी ही भिंतीवरची चित्रं कागदावर आणि कापडावर आणली, जगभर नेली. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. पण सामान मूळचं घरातलंच. मी हे वर्गात सांगितलं, तर एकजण म्हणाला, "सर, आपल्यात भात कुठं पिकतोय? ज्वारीचं पीठ चालंल का?" मला हा प्रश्न पद्मश्रीइतकाच मोलाचा वाटला. पीठ कालवून बघितलं. वाळल्यावर पापुद्रे सुटून पडायला लागलं. डिंक घातला, मग बसलं.

जास्वंदीच्या पाकळ्या कागदावर घासल्या तर जांभळट रंग येतो. त्यावर लिंबाचा थेंब टाकला की गुलाबी, खायच्या सोड्याचं पाणी लावलं की हिरवट. हळदीला चुना लावला की लाल. आज घरी करून बघा. पण चुना मोठ्यांनीच हाताळावा, डोळ्यांत गेला तर वाईट.

आता थोडं कडू. त्या वर्षी आम्ही एका स्पर्धेला बाभळीची चित्रं पाठवली. बक्षीस नारळाला मिळालं. परीक्षकांचा शेरा होता, 'रंगसंगतीत ताजेपणा कमी.' मुलं हिरमुसली. मीही हिरमुसलो, खोटं कशाला बोलू. पण पुढे त्यातली काही मुलं एलिमेंटरीच्या, म्हणजे शासनाच्या चित्रकलेच्या परीक्षेला बसली आणि स्मरणचित्राच्या पेपरला 'विहिरीवरचं दृश्य' काढताना त्यांच्या हाताला अडायचं कारण उरलं नव्हतं. रहाटाची दोरी, घरटी, शेळ्या, सगळं डोळ्यांत होतं.

शेवटी आम्ही शाळेच्या व्हरांड्यातच प्रदर्शन मांडलं. आईवडील आले, एक आजोबा काठी टेकत आले आणि चित्रातल्या बाभळीला बघून म्हणाले, "ही तर इनामदाराच्या हिरीवरची." झाड ओळखलं त्यांनी! नारळ कुणाचा ते कोण ओळखणार?

पण एक घोटाळा झाला. व्हरांड्यात दुपारचं ऊन यायचं. सातवीतल्या एका मुलीनं सूर्य हळदीनं रंगवला होता, आणि हळदीचा रंग उन्हात टिकत नाही. आठवड्याभरात सूर्य पार फिकट झाला. मी तिला म्हटलं, "अगं, काढून आत ठेव, अजून थोडा उरलाय." ती चित्राकडे बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "असू द्या सर, आता संध्याकाळ झालीया त्यात."

नमस्कार.