थकव्यावरच्या संशोधनाची पारख, खान्देशातून

(दृश्य: रावेर तालुका. केळीची कापणी चालू आहे. मजूर घड वाहून गाडीकडे नेताहेत.)

दिवसभर घड वाहिले की अंग दुखतं. रात्री झोप झाली की माणूस सकाळी पुन्हा कामाला लागतो. एमई/सीएफएस (मायाल्जिक एन्सेफलोमायलायटिस किंवा क्रॉनिक फटीग सिंड्रोम) या दीर्घ आजारात झोपेने काहीच भरून निघत नाही. आंघोळ केली, जिना चढला, पाहुण्यांशी तासभर बोललं, की एक-दोन दिवसांत रुग्ण कोसळतो. सावरायला कित्येक दिवस, कधी आठवडे जातात. श्रमानंतरचं हे कोसळणं ही आजाराची मुख्य खूण. अमेरिकेतल्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने २०१५ मध्ये दिलेल्या निकषांत ती असावीच लागते. जोडीला सहा महिन्यांहून अधिक काळ कामधंदा मोडणारा थकवा, झोपूनही न येणारी तरतरी, आणि विचार-स्मरणाचा गोंधळ किंवा उभं राहिल्यावर होणारा त्रास, या दोहोंपैकी निदान एक.

म्हणून अभ्यास कितीही मोठ्या संस्थेचा असो, आधी विचारायचं: यात रुग्ण म्हणून घेतलं कोणाला?

(दृश्य: धडगावकडे जाणारा घाटरस्ता.)

या आजारासाठीचे १९९१ चे ऑक्सफर्ड निकष श्रमानंतरच्या कोसळण्याची अट घालत नाहीत. सहा महिन्यांचा मोठा थकवा त्यांना पुरतो. ते इथे लावून पाहा. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. सातपुड्यातल्या भिल्ल आणि पावरा वस्त्यांमध्ये सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे. अक्कलकुव्यात 'सतत थकवा येतो' एवढ्यावर शंभर बाया निवडल्या, तर त्यातल्या बऱ्याच जणी लोहाच्या गोळ्यांनी सुधारतील, आणि अहवालात छापून येईल की एमई/सीएफएस लोहाने बरा होतो. त्यामुळे निवडीआधी हिमोग्लोबिन, सिकलसेलची सोल्युबिलिटी ही प्राथमिक चाचणी आणि ती पॉझिटिव्ह आली तर खात्रीसाठी इलेक्ट्रोफोरेसिस, थायरॉइड, साखर, बी-१२, किडनी-लिव्हर आणि क्षयाची तपासणी झालीच पाहिजे. हा खर्च वाचवलेल्या अभ्यासाचे पुढचे तक्ते वाचण्यात अर्थ नाही.

उभं राहिल्यावरचा त्रास प्राथमिक आरोग्य केंद्रातही मोजता येतो. बीपीचं मशीन आणि घड्याळ पुरे. रुग्णाला दहा मिनिटं आडवं ठेवायचं, नाडी आणि बीपी लिहायचा. मग टाचा भिंतीपासून थोड्या पुढे ठेवून, पाठ वरच्या बाजूने टेकवून दहा मिनिटं उभं करायचं आणि दर मिनिटाला आकडे घ्यायचे. ठोके ३० किंवा त्याहून जास्त वाढून तसेच राहिले, १२ ते १९ वयात ४०, आणि बीपी पडला नाही, तर पॉट्सची, म्हणजे उभं राहिल्यावर नाडी फार वाढण्याच्या विकाराची, शंका घ्यायची. पाय हलवू द्यायचे नाहीत. पोटऱ्या रक्त वर ढकलतात आणि खरा आकडा लपतो. शेजारी धरायला माणूस हवाच. चक्कर आली की चाचणी तिथेच थांबवायची.

(दृश्य: कागदावर शून्य ते शंभरची पट्टी. ६५, ८५ आणि ६० वर खुणा.)

आता मोजलं काय, ते पाहू. ब्रिटनमधल्या पेस या उपचार-चाचणीत एमई/सीएफएसचे ६४१ रुग्ण होते, खर्च सुमारे ५० लाख पौंड. २०११ मध्ये निकाल आला: टप्प्याटप्प्याने वाढवलेला व्यायाम आणि विचार-वर्तन उपचार यांनी फायदा होतो. पण कोणता उपचार मिळतोय हे रुग्णाला माहीत होतं, आणि मुख्य निकाल त्याने स्वतः भरलेल्या प्रश्नावलीवर ठरत होता. 'व्यायामाने बरं वाटेल' असं आठवडेच्या आठवडे ऐकलेला माणूस प्रश्नावलीत थोडं बरं लिहितो. त्याहून गंभीर गोष्ट म्हणजे शारीरिक क्षमतेच्या शंभर गुणांच्या पट्टीवर ६५ किंवा कमी असलेला माणूस आजारी म्हणून आत घेतला जात होता. बरं झालं म्हणायला आधी ८५ गुण ठरले होते, ते नंतर ६० वर आणले. म्हणजे ६५ वरून ६० वर घसरलेला रुग्ण त्या मोजमापात बरा! व्यायाम गटात २२ टक्के बरे झाल्याचं छापलं गेलं; मूळ आराखड्याने पुन्हा मोजल्यावर ते ४ टक्के निघाले. आपल्या रुग्णांना 'चाला, हळूहळू वाढवा' हा सल्ला अशाच पुराव्यावर मिळत आला, आणि त्याने कोसळलेल्यांना आळशी ठरवलं गेलं, याचं फार वाईट वाटतं. उपचारांची मार्गदर्शक तत्त्वं ठरवणाऱ्या ब्रिटनच्या नाइस संस्थेने २०२१ मध्ये ठरावीक दराने वाढवत नेण्याचा हा व्यायाम देऊ नये असं सांगितलं.

(दृश्य: मे महिन्यातली जळगावची दुपार.)

खान्देशात आणखी एक सापळा आहे: हवामान. मे महिन्यात इथे पारा ४५ पर्यंत जातो, आणि उन्हात उभं राहण्याचा त्रास वाढतो. मेमध्ये रुग्ण घेतले आणि डिसेंबरमध्ये पुन्हा मोजले, तर गोळी साखरेची असली तरी सुधारणा दिसेल. हातातल्या पट्ट्याने पावलं मोजली, तर कापूस वेचणीत ती पोटासाठी वाढतात, तब्येतीमुळे नव्हे. तुलनेचा गट त्याच महिन्यात, त्याच गावांतून घ्यावा आणि पाठपुरावा पूर्ण बारा महिने ठेवावा.

छोट्या अभ्यासाच्या निकालावर घाईने विसंबू नये. नॉर्वेत या आजारावर रिटुक्सिमॅब या औषधाच्या ३० जणांच्या चाचणीत औषध घेतलेल्या १५ पैकी १० सुधारले, नुसतं सलाइन मिळालेल्या १५ पैकी २. त्याच डॉक्टरांनी १५१ जणांवर पुन्हा तपासलं, तेव्हा २०१९ मध्ये औषध गटात २६ टक्के आणि सलाइन गटात ३५ टक्के सुधारले. हा निकाल त्यांनी लपवला नाही, याबद्दल त्यांचा आदर वाटतो.

(दृश्य: टपालाने आलेली लाळेच्या नमुन्याची नळी.)

आणि पैसा. अमेरिकेच्या एनआयएच या सरकारी आरोग्य-संशोधन संस्थेचा या आजारावरचा खर्च आजाराच्या ओझ्याच्या मानाने जेवढा हवा, त्याच्या जेमतेम ७ टक्के होता, असं २०२० च्या एका विश्लेषणात मांडलं गेलं. पण कमी पैशातही नीट काम होतं. ब्रिटनच्या डीकोडएमई या जनुकीय अभ्यासाला ३२ लाख पौंड मिळाले. लाळेचे नमुने टपालाने मागवल्यामुळे अंथरुणाला खिळलेलेही सामील झाले. २०२५ मध्ये १५,५७९ रुग्णांच्या तपासणीतून आजाराशी जोडलेल्या जनुकांच्या आठ जागा पुढे आल्या. त्यातून चाचणी किंवा औषध अजून निघालेलं नाही, आणि हे सगळे रुग्ण युरोपीय वंशाचे आहेत.

इथल्या संशोधनाच्या प्रस्तावात म्हणूनच घरभेटीचा खर्च वेगळा मांडावा. किमान चौथा हिस्सा रुग्ण घराबाहेर पडू शकत नाहीत. धुळ्याच्या ओपीडीत ते दिसणारच नाहीत. गाडी, प्रशिक्षित सेविका, अहिराणी आणि पावरी येणारा माणूस, आणि सुरुवातीपासून संख्याशास्त्रज्ञ. मध्येच सोडून गेलेल्यांना शोधून कारण विचारायला पैसे ठेवावेत. जास्त खालावलेले आधी गळतात आणि उरलेल्यांचा सरासरी आकडा चांगला दिसतो.

सीएसआरमधून, म्हणजे कंपन्यांच्या सामाजिक निधीतून, पैसे देणाऱ्यांनी चेक लिहिण्याआधी सीटीआरआयचा, म्हणजे भारतातल्या वैद्यकीय चाचण्यांच्या नोंदवहीचा, नोंदणी क्रमांक मागावा. संकेतस्थळावर नोंदणीची तारीख पहिल्या रुग्णाच्या आधीची आहे ना, आणि मुख्य मोजमाप मधेच बदललं नाही ना, हे स्वतः पाहावं. शेवटचा हप्ता निकाल छापल्यावर द्यावा, निकाल कसाही लागो.